ऑफिसातला पाच मे

नवरा गेल्यावर मी शॉमबर्गमधलं आमचं टाउनहाऊस विकलं आणि ऑफिसपासून दहा मिनिटांवर एक लहान अपार्टमेंट घेतलं. मुलगा तोपर्यंत अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला नोकरीला लागला होता. तो दर रविवारी फोन करायचा. मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांत दोघांचंही बोलणं संपायचं. इथे ओळखीचे लोक नव्हते असं नाही. गणपतीला बोलावणी यायची, दिवाळीला यायची. पण संक्रांत जवळ आली की मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, या विचाराने बायका अवघडून जायच्या. त्यांची ती पंचाईत मला कळायची. मग त्यांनी विचारायच्या आधीच मी काहीतरी काम असल्याचं सांगायला लागले, आणि पुढे ती सवयच झाली.

सकाळी घरी एकटीने चहा पिणं जड जायला लागलं तेव्हा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात नाश्ता करायला सुरुवात केली. आठ वाजता तिथे फारसं कोणी नसायचं. अंड्यांच्या काउंटरवर एक मेक्सिकन बाई असायची. साधारण माझ्याच वयाची, बुटकी, केस जाळीत घट्ट बसवलेले. ती मला 'सेन्योरा' म्हणायची. मी तिला काय म्हणावं ते न सुचून काहीच म्हणायचे नाही, नुसती हसायचे. मी अंडं खाते, त्यापुढे जात नाही, हे तिने दोन दिवसांत ओळखलं. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या ऑम्लेटकडे बघून ती म्हणाली, "तुला हे बेचव लागतं."

मी म्हटलं, "थोडं."

तिने काउंटरखालून एक प्लास्टिकचा डबा काढला. त्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्या होत्या, गाजराच्या चकत्या होत्या. तो तिचा स्वतःचा, घरून आणलेला डबा होता. तिने दोन मिरच्या माझ्या बशीत ठेवल्या आणि डबा पुन्हा खाली सरकवला. त्यानंतर रोज, न विचारता, माझ्या बशीत दोन मिरच्या यायच्या. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझं स्पॅनिश शून्य. आमचं बोलणं दोन-तीन मिनिटांचं असायचं. थंडी फार आहे, आज बस उशिरा आली, मुलीला बरं नाही, एवढंच. पण दिवसभरात माझ्याशी कोणी काही कामाशिवाय बोललं असेल तर ते तेवढंच असायचं.

आमच्या ऑफिसात एक कल्चर कमिटी होती. दिवाळीचा कार्यक्रम मी दोन वर्षं केला होता, म्हणून एचआरमधल्या बाईने मार्चमध्ये मला बोलावलं. "सिंको दे मायो या वेळी तू कर," ती म्हणाली. "तुझ्याकडे रंगांची नजर आहे."

आता लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. संध्याकाळी घरी जाऊन करायला काहीतरी मिळालं. मी ऑनलाइन कागदी पताका मागवल्या, मोठ्या काठाच्या गवती टोप्या मागवल्या, काडीला चिकटवलेल्या खोट्या मिशा मागवल्या. दुकानात त्या सगळ्या एकाच पानावर होत्या, 'सोबत हेही घ्या' म्हणून. सिंको दे मायो, म्हणजे पाच मे, हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, असं मी इतक्या वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलं होतं की शोधून बघावं असं मनातही आलं नाही. अख्ख्या मजल्याला मी ईमेल पाठवलं. 'मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त शुक्रवारी अकरा ते दोन सर्वांनी यावे.'

आणि मग मला वाटलं की आपल्याकडे खरी मेक्सिकन व्यक्ती आहे, तर तिला मान द्यावा. मी तिच्या मॅनेजरला विचारलं, त्याने होकार दिला, आणि मी तिच्याकडे गेले.

"शुक्रवारी टाकोच्या टेबलापाशी तू उभी राहशील का? टोपी घालून? तुझ्याकडे भरतकाम केलेला ब्लाउज असेल तर तो."

ती तवा पुसत होती. "अकरा वाजता?"

"अकरा ते दोन."

"मॅनेजरने हो म्हटलं?"

"हो. मी विचारलंय."

ती थोडा वेळ तवाच पुसत राहिली. मग म्हणाली, "ओके, सेन्योरा."

शुक्रवारी ती पांढरा ब्लाउज घालून आली. गळ्याभोवती निळ्या दोऱ्याने फुलं काढलेली होती. टोपी तिला मोठी झाली, कपाळावर येत होती. लोक आले, टाको घेतले, टोप्या घालून एकमेकांचे फोटो काढले. सेल्समधल्या एका तरुणाला खोटी मिशी सापडली. त्याने ती तिच्या ओठांवर धरली, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि माझ्याकडे फोन दिला. "एक फोटो काढ ना."

मी काढला. त्या लहानशा स्क्रीनवर मला तिचा चेहरा दिसला. ती रागावलेली नव्हती, हसतही नव्हती. पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तशी सरळ उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. भोवतालची माणसं हसत होती. मीही हसले असेन, नक्की आठवत नाही.

दोन वाजता तिने टोपी काढून बाकीच्या टोप्यांवर नीट ठेवली. मी म्हटलं, "थँक यू. हॅपी इंडिपेंडन्स डे."

"इंडिपेंडन्स नाही," ती म्हणाली. "इंडिपेंडन्स सप्टेंबरमध्ये." आणि ती भांडी धुवायला आत गेली.

त्या संध्याकाळी मी घरी बसून वाचलं. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन सोळा सप्टेंबरला असतो. पाच मे ही पुएब्ला नावाच्या शहराजवळच्या एका लढाईची तारीख. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच फौज चालून आली तेव्हा तिथल्या सैन्याने आणि डोंगरातल्या गावकऱ्यांनी मिळून तिला हरवलं होतं. पुढच्या वर्षी फ्रेंच परत आले आणि त्यांनी ते शहर घेतलंच. म्हणजे जिंकलेलं युद्धही नव्हे, जिंकलेला एक दिवस. मेक्सिकोत हा दिवस मुख्यतः त्या एका शहरात साजरा होतो. बाकी देशात त्याचा फार गाजावाजा नसतो. गाजावाजा सगळा इकडे, बारमध्ये.

सोमवारी मी दुरुस्तीचं ईमेल लिहिलं आणि पाठवण्यापूर्वी एचआरच्या बाईला दाखवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंयस. पण आता कशाला लोकांना गोंधळात टाकायचं? सगळ्यांना मजा आली."

मी ते पाठवलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच बाईने दिवाळीच्या फलकावर 'भारतीय ख्रिसमस' असं लिहिलं होतं, आणि मी "हो, तसंच काहीतरी" असं म्हणून पणत्या मांडल्या होत्या. ते मला त्या दिवशी टेबलाशी बसून आठवलं.

आठवडाभर माझ्या बशीत मिरच्या आल्या नाहीत. ऑम्लेट यायचं, "गुड मॉर्निंग, सेन्योरा" यायचं. डबा खालीच राहायचा. मागायचं मला धाडस होईना. शेवटी एक दिवस कोणी नसताना मी म्हटलं, "मला माफ कर. मला माहीत नव्हतं."

"कोणालाच माहीत नसतं," ती म्हणाली. "टोपीचं काही नाही. टोपी मी इथे दरवर्षी बघते."

"मग?"

तिने गॅस बारीक केला. आणि तिच्या तुटक इंग्रजीत, मधे मधे शब्द शोधत, तिने मला सांगितलं. ती पुएब्लाचीच होती. पाच मेला तिथे मोठी मिरवणूक निघते. शाळाशाळांची बँडपथकं असतात, सैनिक असतात, डोंगरातल्या त्या गावकऱ्यांचा वेष केलेली माणसं असतात. ती शाळेत असताना ढोल वाजवायची. पांढरे हातमोजे, नवे बूट, सकाळपासून उन्हात चालायचं, बूट चावायचे. तिची आई फुटपाथवरून तिच्या बरोबरीने चालायची, हातात संत्र्याच्या फोडींची पिशवी घेऊन. पथक थांबलं की पटकन पुढे होऊन तिच्या तोंडात एक फोड घालायची.

"आई अजून त्याच घरात आहे," ती म्हणाली. "मिरवणूक जाते तो रस्ता दोन गल्ल्या पलीकडे. मी दरवर्षी पाच मेला माझ्या ब्रेकमध्ये तिला फोन करते. ती फोन खिडकीत धरते. मी ढोल ऐकते. एकवीस वर्षं."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी मी टाकोपाशी होते."

अकरा ते दोन ही वेळ मीच ठरवली होती. ती एकवीस वर्षांत घरी का गेली नाही हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. या देशात राहिलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही. मी ऑम्लेट घेऊन टेबलाशी गेले. दुसऱ्या दिवशी बशीत दोन मिरच्या होत्या.

पुढच्या वर्षी मी कमिटी सोडली. ऑफिसातली पार्टी आदल्या शुक्रवारी होऊन गेली, कारण पाच मे रविवारी आला होता. आणि रविवारी तिला सुट्टी होती. मी आठवडाभर आधीच तिला म्हटलं, "माझ्या घरी येशील? मी एकटीच असते. तिथून आईला फोन कर."

ती म्हणाली, "मी मोले करीन."

मी तिला तिच्या घरून गाडीने घेऊन आले. तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. वाळलेल्या मिरच्या तीन प्रकारच्या, एक तर काळीच आणि सुरकुतलेली. तीळ, शेंगदाणे, बदाम, दालचिनी, लवंग, मनुका, आणि सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेलं चॉकलेट. ते सामान ओट्यावर मांडलेलं बघून मला आमच्या नागपूरच्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा दिवस आठवला. चॉकलेट सोडलं तर यातलं काही मला परकं नव्हतं.

"कोंबडीचं पाणी घालायचं नाही?" तिने विचारलं.

"मी खात नाही."

"माझ्या आईला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. मग तिने बटाटे उकडायला टाकले. मोले म्हणजे या वाटलेल्या मिरच्या-मसाल्याचा दाट रस्सा. कोंबडीऐवजी आज तो बटाट्यांवर पडणार होता.

मिरच्या तव्यावर पडल्या आणि दोन मिनिटांत आम्हा दोघींनाही ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी खिडकी उघडायला धावले, ती उघडेपर्यंत छताला लावलेला धुराचा अलार्म सुरू झाला. आणि माझ्या घरातल्या अलार्मपाठोपाठ अख्ख्या इमारतीचा. मी तो कसा बंद करतात ते कधी शिकले नव्हते. तो माझ्या नवऱ्याचा प्रांत होता.

आम्ही गॅस बंद केला आणि सगळ्यांबरोबर खाली पार्किंगमध्ये आलो. रविवारची दुपार. लोक घरातल्याच कपड्यांत, कोणी कुत्रा घेऊन, कोणी बाळ घेऊन. ती ॲप्रन लावून, हातात उलथणं तसंच. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय जळलं?"

"मिरच्या," मी म्हटलं. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेला तो पहिला शब्द असावा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओवर तिची आई होती. पांढऱ्या केसांची, फार बारीक, कॅमेऱ्याच्या इतकी जवळ की अर्धाच चेहरा दिसत होता. आई फोन घेऊन खिडकीशी गेली. मला आधी नुसतं आभाळ दिसलं, एका घराची गच्ची, वाळत घातलेले कपडे. मग ढोल ऐकू आले. लांबून येत होते, एकसारखे, मधेच बिगुल. ती फोन कानाला लावून डोळे मिटून उभी राहिली, व्हिडिओ आहे हे विसरून.

आणि त्याच वेळी अग्निशमन दलाची गाडी सायरन वाजवत पार्किंगमध्ये शिरली.

आईने तिकडून काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती विचारते, तिकडेही मिरवणूक आहे का?"

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

तिने फोन माझ्याकडे फिरवला. मी हात जोडून नमस्कार केला. म्हातारीने माझ्याकडे नीट बघून एक शब्द म्हटला आणि मान हलवली. तेवढा शब्द मला येत होता. 'अमिगा', मैत्रीण.

फायरमन वर जाऊन आला, हसला, "खिडक्या उघड्या ठेवा," म्हणाला. आम्ही वर येऊन स्वयंपाक पुरा केला. चार वाजून गेले होते. मोले आधी तिखट लागलं, मग गोड, मग बराच वेळ जिभेवर काहीतरी जळकं, चांगलं राहिलं. मी दोनदा घेतलं. जेवताना ती मधेच म्हणाली, "कोंबडीच्या रश्श्याऐवजी साधं पाणी घातलं तरी बरं झालं." तिला घरी सोडून परतले तेव्हा माझ्या पडद्यांना, उशीला, सगळ्याला मिरचीचा वास येत होता. तो दोन दिवस गेला नाही आणि मला तो जाऊ नये असं वाटत होतं.

जानेवारीत एका सकाळी मी काउंटरवर गेले तेव्हा ती अंडी फेटत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सेन्योरा, माझी आई गेली. शनिवारी."

"आणि तू आज कामावर?"

"घरी बसून काय करू?"

"जायचं नाही?" हे मी विचारायला नको होतं, पण विचारून गेले.

"गेले तर परत येता येणार नाही. मुलगी इथे आहे. नातू इथे आहे." तिने ऑम्लेट उलटलं. "भावाने फोनवर दाखवलं सगळं."

माझी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी नागपूरला पोचले होते. दहावा, तेरावा, सगळं हातांनी केलं होतं. त्यामुळे 'मला कळतं तुझं दुःख' असं मला म्हणवेना. मी काउंटरवरून हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. मागे दोन जण रांगेत उभे होते. त्यांनी घड्याळं बघितली असतील. तिने माझी बशी भरली, मिरच्या ठेवल्या आणि पुढच्या माणसाला विचारलं, "काय देऊ?"

मार्चअखेर कॅफेटेरिया बंद झाला. लोक आठवड्यातून दोन दिवसच ऑफिसला यायचे, परवडत नव्हतं म्हणे. ती मुलीबरोबर टेक्ससला राहायला गेली. जाताना तिने नंबर दिला. आम्ही मेसेज करायचो. ती स्पॅनिशमध्ये लिहायची, फोन त्याचं इंग्रजी करून द्यायचा, आणि ते वाचताना ती बोलतेय असं कधी वाटायचं नाही. फार शुद्ध असायचं. 'प्रिय मैत्रिणी, मी आशा करते की तुझी प्रकृती उत्तम आहे.' सुरुवातीला रोज, मग आठवड्याला. मी मिरच्यांची कृती विचारली, तिने पाठवली. मी तीनदा करून बघितल्या. तशा झाल्या नाहीत.

या वर्षी पाच मेला मी ऑफिसात होते. पार्टी होतीच, नव्या मुलांनी केली होती. लिफ्टमध्ये टोपी घातलेल्या एकाने मला "हॅपी सिंको" म्हटलं. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे ना, हा स्वातंत्र्यदिन नाही? एका शहरातल्या लढाईचा दिवस आहे."

"हो का?" तो आपुलकीने म्हणाला. "तुम्ही तिकडच्याच ना, तुम्हाला माहीत असणारच."

त्याला मी मेक्सिकन वाटले होते. त्याचा मजला आला, तो उतरला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. का ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाईट मात्र वाटलं नाही.

दुपारी मी तिला मेसेज केला. 'आज तुझी आठवण आली.' संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही.

घरी आल्यावर मुलाचा फोन आला. सोमवार होता, त्याचा फोनचा वार नव्हे, म्हणून मी दचकले. मागून गाण्यांचा, माणसांचा आवाज.

"आई, सॉरी, चुकून पॉकेट डायल झाला," तो इंग्रजीत म्हणाला. "आम्ही बारमध्ये आहोत. सिंको दे मायो."

"टोपी घातलीयस का?"

"व्हॉट? नो. वेल, येस. एव्हरीवन इज. इट्स जस्ट फॉर फन, आई."

मी म्हटलं, "दोन मिनिटं बाहेर येशील? मला तुला काहीतरी सांगायचंय."

त्याला वाटलं माझी तब्येत बिघडली. तो लगेच बाहेर आला. तिकडे पाऊस पडत होता, मला ऐकू येत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मिरच्यांचा डबा, मी काढलेला फोटो, संत्र्याच्या फोडी, खिडकीत धरलेला फोन. कॅफेटेरियातल्या कोणाबद्दल मी त्याच्याशी आधी कधी बोललेच नव्हते. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तो मराठीत म्हणाला, "तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नव्हतंस," मी म्हटलं. मग वाटलं हे कठोर झालं, म्हणून म्हटलं, "मलाही सांगायचं सुचलं नाही."

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. "भिजू नकोस, जा," मी म्हटलं. तो म्हणाला, "रविवारी करतो फोन."

अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, त्या शहराचं नाव काय म्हणालीस. मी लिहिलं, पुएब्ला. त्याने ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. नंतर काही आलं नाही. मी सकाळचं वरण गरम केलं, भात लावला आणि खिडकीशी बसून जेवले.